दिसला का?

मोहर्लीला सकाळी नमस्कार-चमत्काराची पद्धत नाही. पहाटेच्या फेरीला गेलेल्या जिप्सी धुळीने माखून गेटबाहेर पडतात. दुपारच्या फेरीची माणसं चहाचे कप हातात धरून त्यांची वाटच पाहत असतात. कोण, कुठले, कधी आलात, यातलं काहीही न विचारता पहिला प्रश्न येतो, ‘‘दिसला?’’ ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा कोअर भाग सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा आहे. त्यात अस्वलं राहतात, बिबटे राहतात, गवे, चौसिंगे, भेकरं, झालंच तर तलावात मगरीही राहतात. चौकशी मात्र एकट्याचीच होते.

ज्याला दिसलेला असतो तो उत्तर द्यायला जरा वेळ घेतो. टोपी काढतो, धूळ झटकतो आणि मग ‘‘हं, दोन,’’ असं पुटपुटतो. ज्याला दिसलेला नसतो तो घाईघाईने म्हणतो, ‘‘नाही, पण जंगल काय सुंदर आहे हो!’’ ताडोब्यात जंगलाची स्तुती ऐकू आली की समजावं, माणूस रिकाम्या हाताने परतलाय.

दुपारच्या फेरीत पुण्याचे एक काका होते. बँकेतून निवृत्त झालेले, सोबत काकू आणि सुट्टीला आलेला नातू. जिप्सीतली एक जागा रिकामी होती, तिथे एक छायाचित्रकार येऊन बसला. त्याच्या मांडीवर सहाशे मिलिमीटरचं भिंग होतं आणि त्याखाली जपून ठेवलेली उशी. घरी पंखा एकवर असला की कुरकुरणारे काका मे महिन्यात, 45 अंशांच्या चंद्रपुरी उन्हात, बिनछपराच्या गाडीत स्वखुशीने बसले होते. याला कारण आहे. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, ओढे आटतात आणि जनावरांना मोजक्या पाणवठ्यांवर यावंच लागतं. वाघाला तर उकाडा सोसतच नाही. तो तासन् तास पाण्यात बसून राहतो. थोडक्यात, त्याला थंडावा हवा असतो म्हणून माणसं भाजून घेतात. पावसाळ्यात 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत कोअर बंद असतो. शिवाय दर मंगळवारी साप्ताहिक सुट्टी. बँकेत इतकी वर्षं काढलेल्या काकांना वाघाची ही सुट्टी फार भावली.

मोबाईल आत नेता येत नाही. गेट ओलांडल्यावर काकांचा हात पहिल्या पंधरा मिनिटांत पाच-सहा वेळा खिशाकडे गेला आणि तसाच परत आला.

गाइड जवळच्याच गावची ताई होती. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जुने दगडी खांब आहेत; ते तिने दाखवले. गोंड राजाच्या काळात या खांबांवरून दोर ओढलेला असे आणि राजा निघाला की घंटा वाजवून पुढे वर्दी जाई, असं इथे सांगतात. काकूंनी ‘‘हुशार हो,’’ म्हणून दाद दिली. मोबाईलबंदीमुळे आज पुन्हा जवळपास तीच व्यवस्था सुरू आहे. समोरून जिप्सी आली की दोन्ही ड्रायव्हर वेग कमी करतात, एक भुवई उडवतो, दुसरा हाताचा पंजा किंचित हलवतो, आणि ‘वाघीण पाणवठ्याकडे गेली, पण बांबूत शिरली’ एवढा मजकूर पोचतो.

‘‘थांबा जी, कॉल येऊन राह्यला,’’ ताई म्हणाली. गाडी थांबली. चितळ धोक्याचा इशारा देत ओरडत होतं. काका सीटवर उभे राहिले. ताई मात्र बसूनच होती, कारण चितळाच्या बोलण्यावर जंगलात फारसं कुणी विसंबत नाही. ते कशालाही दचकतं. झाडावरून वानर खेकसलं तर गोष्ट जरा गंभीर. सांबराने घसा मोकळा करून ‘ढाँक’ केलं की मात्र ड्रायव्हर चावीला हात घालतो. सांबर उगाच बोलत नाही. या चितळाला काय दिसलं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. दोन मिनिटांनी ते पुन्हा चरायला लागलं आणि काका खाली बसले.

मग रानकुत्री दिसली. तांबूस अंगाची, काळ्या शेपटीची आठ ढोल रस्त्याच्या कडेला सावलीत लोळत होती. ताईचा चेहरा उजळला. टोळीने शिकार करणारं, शिटीसारख्या आवाजाने एकमेकांना साद घालणारं हे जनावर जगाच्या संकटग्रस्त यादीत वाघाच्याच रांगेत आहे. ‘‘कुत्रीच आहेत की,’’ काका म्हणाले, ‘‘आमच्या सोसायटीत याहून जास्त आहेत. चला पुढे.’’ नातू वळून वळून बघत राहिला. ढोलांनीही सोसायटीच्या माजी सचिवांकडे विशेष लक्ष दिलं नाही.

ताडोब्याच्या वाघांची नावं आणि नातीगोती इथल्या गाइड लोकांना मुखोद्गत असतात. कोण कुणाची लेक, कुणी कुणाला हाकलून कुठला इलाका घेतला, कुणाचे बछडे कुठल्या नराने मारले, सगळं. पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे, त्यामुळे कॅमेरा ट्रॅपच्या फोटोवरून ओळख पक्की होते. 2022च्या गणनेत या प्रकल्पात 97 वाघ मोजले गेले. म्हणजे वंशावळ सांगायला मजकूर भरपूर. पांढरपौनी भागातली माया वाघीण ही सगळ्यांत लाडकी. सरकारदरबारी ती टी-12. 2023च्या पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली, पुढे जंगलात अवशेष सापडले आणि डीएनए तपासणीत ते तिचेच निघाले. ताईने हे घरातलं माणूस गेल्यासारखं सांगितलं. काकूंना पाणी आलं डोळ्यांत. काकांनी विचारलं, ‘‘म्हणजे आज ती दिसणार नाही?’’

तलावाच्या काठी झाडाखाली तारूचं ठाणं आहे. तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो मेला आणि त्याचा देव झाला, अशी कथा आहे. याच देवाचं नाव जंगलाला मिळालं. पौषात इथे आदिवासींची यात्रा भरते. वाघाशी खरीखुरी गाठ पडलेला माणूस देव झाला. काकांची माफक अपेक्षा फेसबुकपुरती होती.

आणि शेवटी एका वळणावर पंधरा-वीस जिप्सी एकमेकींना खेटून उभ्या दिसल्या. आता विचारायची गरजच नव्हती. पाणवठ्यात वाघ बसला होता. वाघ बहुधा पाण्यात मागच्या पायांनी उलटा शिरतो, तोंड कोरडं ठेवतो आणि डोळे मिटतो. याने एवढं सगळं केलंच होतं, शिवाय मधे एक झुडूपही घेतलं होतं. त्यामुळे काकांच्या जागेवरून एक कान दिसत होता. कानाची मागची बाजू काळी, तीवर पांढरा ठिपका. माशी बसली की कान हले, आणि कान हलला की वीस गाड्यांतून एकदम ‘हाऽऽ’ उमटे. असा अर्धा तास गेला. काका मागच्या गाडीला दबक्या आवाजात सांगत होते, ‘‘नर आहे. कानावरून कळतं.’’

मग कान उठला. त्यामागून सव्वादोनशे किलोंचा ऐवज निथळत बाहेर आला, गाड्यांच्या रांगेकडे न पाहता सरळ चालत आला, एका ऐनाच्या बुंध्यावर शेपटी उंचावून त्याने आपली हद्द शिंपडली आणि तो काकांच्या जिप्सीला घासून जावा तसा पलीकडे निघून गेला. छायाचित्रकार नखशिखान्त थरथरत होता. अशी मोठी भिंगं चारएक मीटरच्या आतलं काही नेमकं टिपत नाहीत. महिन्याच्या पगाराहून किती तरी पटींनी महाग त्या यंत्रात आठ फोटो आले : सात धूसर नारिंगी, एक स्वच्छ. स्वच्छ फोटो ऐनाच्या बुंध्याचा होता.

काकांनी मात्र त्या वेळी डोळे घट्ट मिटले होते. हे फक्त नातवाने पाहिलं.

परतीच्या वाटेवर काका एकदम बोलके झाले. वाघाच्या मिशीचे केससुद्धा मोजता आले असते, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग त्यांनी ताईची चौकशी सुरू केली. ती बफरमधल्या गावात राहते, नवरा शेती करतो, याच दिवसांत सासू पहाटे तेंदूपत्ता तोडायला जाते. चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी वाघाच्या हल्ल्यांत माणसं मरतात, त्यात पानं आणि मोहफुलं वेचायला गेलेल्या बायका असतात. ताईने हे आवाज न चढवता सांगितलं, रस्त्यावरचा खड्डा दाखवावा तसं.

‘‘तुमच्याकडेही येतो का वाघ?’’ काकूंनी विचारलं.

‘‘येते न जी. मागच्या महिन्यात गोठ्यापर्यंत आला होता. वासरू नेलं.’’

काका पुढे सरकून बसले. ‘‘साधारण किती वाजता येतो?’’

‘‘रात्री. कधी पहाटे.’’

‘‘मग तुमच्याकडे एखादी रात्र राहायची सोय होईल का हो? दोघंच. जेवण साधं चालेल.’’

ताईने थोडा विचार केला. ‘‘होईल न काका. खोली आहे, कूलर आहे. फक्त संडास बाहेर आहे जी.’’