डिस्कच्या वाटण्या, नवशिक्यांसाठी

घरच्या वाटण्या अजून पाहिल्या नसतील तर सरावासाठी युनिक्सची डिस्क घ्या. इथे सगळे भाऊ तुम्हीच असता आणि तरीही भांडण होतं.

डिस्क मोकळी हवी. नसेल तर बॅकअप घ्या. 'नंतर घेऊ' असं वाटत असेल तर हे पान मिटा आणि पुढच्या आठवड्यात, डिस्क आपोआप मोकळी झाल्यावर, पुन्हा उघडा.

आता 'एफडिस्क' चालवा. हा तलाठी. जमिनीला हात लावत नाही, फक्त सातबारा लिहितो: या सेक्टरपासून त्या सेक्टरपर्यंत अमक्याचं. जुन्या एमबीआर सातबाऱ्यावर मुख्य नावं चारच बसतात. पाचवा वारस उगवला की एक वाटणी 'एक्स्टेंडेड' करून तिच्यात पोटहिस्से पाडायचे. कितीही खाडाखोड करा, 'डब्ल्यू' दाबेपर्यंत कागदावर काही उमटत नाही; 'क्यू' दाबून उठता येतं. नवशिक्याला क्यू सापडतो तो डब्ल्यू दाबल्यानंतर.

वाटण्या किती? जुने जाणते सांगतात: रूट, यूएसआर, व्हेर, टेम्प, होम. यूएसआरमध्ये मुळात युजरांची घरं होती. बेल लॅब्जमध्ये पहिली डिस्क भरली, तेव्हा सिस्टिमचे प्रोग्रॅम तिथे मुक्कामाला आले आणि हळूहळू यजमानच बाहेर पडले. होम ही त्यांची नवी वसाहत. व्हेरमध्ये लॉग, मेल, छपाईची रांग. ती वेगळी ठेवायची, म्हणजे रात्रीतून लॉग फुगले तरी रूटचा गळा आवळला जात नाही. प्रत्येकाला किती जीबी लागतील याचा नीट अंदाज करा. तो चुकेल. वर्षभराने व्हेर तुडुंब, होममध्ये चाळीस जीबी ओस, आणि मध्ये तुम्हीच घातलेली भिंत. एलव्हीएम वापरलं तर भिंती मागाहून सरकवता येतात, पण मग अंदाज चुकल्याचं समाधान मिळत नाही.

उरला स्वॅप. रॅम कमी पडली की मेमरीतली बराच वेळ कुणी न विचारलेली पानं जिथे जातात तो माळा. आकार? 'रॅमच्या दुप्पट' हा मंत्र रॅम मोजक्या एमबीत मोजायचे तेव्हाचा. आज १६ जीबीच्या यंत्राला तो ३२ जीबी माळा देतो. फिरत्या डिस्कवर तो खरोखर भरू लागला तर एक क्लिक करून चहा टाका, पिऊन, कप विसळून या.

माळा कुठे काढायचा यावर घराणी आहेत. एक म्हणतं, कडेला: बाहेरच्या ट्रॅकवर सेक्टर जास्त मावतात, म्हणून तेवढ्याच फेऱ्यांत जास्त डेटा हेडखालून जातो. दुसरं म्हणतं, मधोमध: हेड कुठूनही निघालं तरी अर्ध्याहून जास्त प्रवास पडत नाही. दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच वाद टिकला. मग एसएसडी आली. तिला कडही नाही, हेडही नाही.

दोन डिस्क असतील तर दोन्हींवर एकेक स्वॅप करून समान प्रायॉरिटी द्या. लिनक्स पानं आळीपाळीने वाटतं. हाच प्रयोग एकाच फिरत्या डिस्कवर केलात तर हेड झिम्मा खेळू लागेल. बीएसडीवर वाटण्यांना अक्षरं: 'ए' रूट, 'बी' स्वॅप अशी रीत. 'सी' म्हणजे परंपरेने अख्खी डिस्क. तिला मोकळा प्लॉट समजून घर बांधू नका.

सातबाऱ्यावर प्रत्येक वाटणीच्या टाइपचा क्रमांकही लिहायचा. लिनक्स स्वॅपचा ८२. इंटेलवरचं जुनं सोलारिसही आपल्या वाटणीला ८२च म्हणायचं. एकाच गट नंबरवर दोन मालक! नुसता नंबर बघून वाटणीचा स्वॅप करणारं 'मेकस्वॅप' चालवलंत, तर सोलारिसच्या घरावर लिनक्सचा माळा चढतो.

एक राहिलंच. लिनक्सवर स्वॅपला वाटणी लागतेच असं नाही. एखाद्या कोपऱ्यात साधी फाइल करा, 'मेकस्वॅप' करा, 'स्वॅपऑन' म्हणा. २००३ साली आलेल्या २.६ कर्नेलपासून ती वाटणीइतकीच वेगाने चालते. हे आधी का नाही सांगितलं म्हणता? मग वरचं कोण वाचणार होतं?