ब्रेक ऑइल ओतणाऱ्या मिस्त्रींना खुलं पत्र

मिस्त्री,

माझ्या बोलेरोच्या पॉवर स्टिअरिंगच्या डब्यातलं तेल गळून कमी झालेलं दिसलं आणि तुम्ही हाताशी होती ती ब्रेक ऑइलची बाटली त्यात रिकामी केलीत. वर म्हणालात, "ऑइल ते ऑइल, चालतंय की!" नोटा मोजताना शंभर आणि पाचशेतला फरक तुम्हाला बरोबर दिसतो. मग बाटल्यांच्या वेळीच नजर का अधू होते?

पॉवर स्टिअरिंगच्या पंपातल्या ऑइल सील आणि ओ-रिंगा बहुधा नायट्राइल रबराच्या असतात. खनिज तेलात हे रबर वर्षानुवर्षं टिकतं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलच्या जातीचं, म्हणून ब्रेकमध्ये रबरही वेगळं, ईपीडीएम, वापरतात. ग्लायकॉल लागलं की नायट्राइल फुगतं, मऊ पडतं आणि शाफ्टवर घट्ट बसणारी सीलची कड ढिली होते. पंपाच्या पात्यांना हवं तसं वंगणही ब्रेक ऑइल देत नाही. गळती तुम्ही थांबवली नाहीत, वाढवलीत. पुढच्या खेपेला "पंपच गेला, नवा टाका" म्हणून मोकळे झालात.

पंप गेला नव्हता. घरीच उतरवून पाहिला. आधी सगळा भाग पुसून कोरडा केला, म्हणजे तेल होजच्या जोडातून येतंय की शाफ्टपाशी, ते दिसलं. शाफ्टपाशीच होतं. बेल्ट आणि होज सोडवले, पुली पुलरने काढली. हातोडीने ठोकली असती तर शाफ्टच वाकला असता. सर्क्लिप काढून सील उचकटताना शाफ्टला चरा पडू दिला नाही, कारण त्या चऱ्यातून नवी सीलही गळते. नवी सील योग्य तेलात बुडवून, तिची कड आतल्या बाजूला ठेवून, सॉकेटने सरळ बसवली. सगळ्या ओ-रिंगा बदलल्या. पाती परत लावताना गोल कड बाहेरच्या रिंगकडे ठेवली. तुमचं ब्रेक ऑइल मात्र स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सपर्यंत पोचलं होतं. रिटर्न होज बाटलीत सोडून ते सगळं धुऊन काढावं लागलं.

मग पुढची चाकं स्टँडवर घेतली आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत एअर काढली. डब्यातला फेस गेल्यावरच इंजिन चालू केलं. स्टिअरिंग टोकाला दाबून धरलं नाही, कारण तिथे दाब कमाल होतो आणि तेल तापतं. या सगळ्यात अवघड म्हणावं असं काही नाही. धीर लागतो, आणि तुम्ही घाईत होतात.

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट तुम्हाला ठाऊक असेल. तिथल्या वळणावर तेल संपलं तर चाकं वळतात, पण पंपाची मदत गेल्याने सगळा जोर हातांवर येतो. समोरून एसटी येत असते. शेजारी म्हातारी माणसं, मागे पोरं बसलेली असतात. गळणारं तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडलं तर पेटूही शकतं. "चालतंय की" म्हणणारे तुम्ही त्या गाडीत नसता.

तुमचं कसब मी नाकारत नाही. अडलेली गाडी रस्त्याला लावण्याचं काम मोलाचं आहे, म्हणूनच तुमच्यावर भरवसा टाकला जातो. त्या भरवशाच्या बदल्यात माझी मागणी एवढीच: डब्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात कोणतं तेल लिहिलंय ते आधी वाचा. ते हाताशी नसेल तर गाडीवाल्याला सरळ सांगा, तो दुकानातून आणेल. ओतण्याआधी बाटली त्याला दाखवा, आणि तेलाचं नाव बिलावर लिहा. ज्या दिवशी हे लिहायला तुमचा हात कचरेल, त्या दिवशी ती बाटली उघडूच नका.

— त्याच बोलेरोचा मालक