आजी, सकाळी काय खाल्लंस?

भाचा आमच्याकडे राहून विद्यापीठात पत्रकारिता शिकतो. पहिल्या सत्रात तो बातम्या लिहीत होता, तोवर घर शांत होतं. दुसऱ्या सत्रात ‘रेडिओ निर्मिती’ हा पेपर आला आणि घरात शांततेची सक्ती झाली.

या जातीची मुलं लांबून ओळखू येतात. हेडफोन कायम गळ्यात. कुणी घसा खाकरला की चेहऱ्यावर कळा. आपण काय बोलतो याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, आपला ‘प’ कसा आहे याच्याशी असतं. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना तोंडातली हवा माइकवर आदळून धप्प वाजतं म्हणे. त्यावर उपाय म्हणून मामीचा पातळ पायमोजा भरतकामाच्या रिंगवर ताणून माइकपुढे बसला. स्टुडिओ म्हणजे गोधड्यांचं कपाट. मे महिन्यात पंखा बंद, फ्रिजही बंद. तो पुन्हा चालू करायचा राहून गेला. “अरे, दूध नासलं!” म्हणून मामी ओरडली, तर कपाटातून आवाज आला, “मामी, हेच परत म्हण, फक्त जरा लांबून.”

एकदा सगळ्यांना उभं केलं. “अर्धं मिनिट हलू नका. खोलीचा आवाज घ्यायचाय.” संकलनात दोन वाक्यांमधल्या फटी या रिकाम्या आवाजाने बुजवतात.

“खोली काय बोलणार?” आईने विचारलं. टेक वाया.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. खरा पाऊस रेकॉर्ड केला की तळणीसारखा ऐकू येतो, आणि तळण पावसासारखं. त्याच्या श्रुतिकेत चार दिवस पाऊस पडत होता आणि आम्ही कांदाभजी खात होतो. उच्च शिक्षणाला माझा पाठिंबा आहे.

विद्यापीठाच्या ‘विद्यावाणी’ या रेडिओवर, म्हणजे १०७.४ एफएमवर, आपला आवाज यावा ही त्याची आस. सामुदायिक रेडिओची ताकद जेमतेम १०० वॅट, शहर सुटलं की खरखर. पण तो बोलतो असा की पलीकडे अख्खा देश कान लावून बसलाय.

त्यासाठी त्याने आजीला, म्हणजे माझ्या आईला, गाठलं. विषय, जात्यावरच्या ओव्या. पाहुण्याच्या आवाजाची लेव्हल बघायला आधी ‘सकाळी काय खाल्लंत’ असं विचारायचं, हा रेडिओतला जुना रिवाज.

“आजी, सकाळी काय खाल्लंस?”

आजीने शिळी भाकरी ताकात कुस्करली इथपासून सुरुवात केली. भाकरीवरून पीठ, पिठावरून जातं, जात्यावरून तिची सासू, पहाटेचा काळोख, आणि सासू झोपेतच धरायची ती ओवी. ती आईने म्हणूनही दाखवली. मामी पदराने डोळे पुसत होती. भाच्याची नजर लॅपटॉपवरच्या हिरव्या पट्टीवर.

“मस्त. आता सुरू करूया. आजी, ओव्यांबद्दल सांग.”

“आता काय सांगू? सांगितलं की सगळं.”

रेकॉर्डचं बटण अजून दाबायचंच होतं. पण लेव्हल, तो आजही सांगतो, एकदम बरोबर आली होती.