हॅचबॅक घ्यायला जाताना फणस सोबत न्यावा

छोटी गाडी घ्यायचं ठरलं की घरात पहिले काही आठवडे अ‍ॅव्हरेज, एअरबॅगा आणि रीसेल यांवर चर्चा होते. ती होऊ द्यावी. त्यात कोणाचं नुकसान नाही. डिकीचा विषय मात्र कोणी काढत नाही, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर जातानाचं सामान असतं. जाताना काय, दोन बॅगा, पाण्याचा कॅन आणि वेफर्सची पाकिटं. प्रस्तुत मार्गदर्शन येतानाच्या सामानाविषयी आहे.

कोकणातल्या घरी तीन दिवस राहून तुम्ही निघता. गाडी अंगणात सुरू करून ठेवलेली असते, नमस्कार झालेले असतात, आणि पडवीतून आत्या म्हणते, "गाडी रिकामीच तर चाललीय!" या वाक्याला आजवर कोणालाही उत्तर सुचलेलं नाही. पुढच्या दहा मिनिटांत एक कापा फणस, हापूसच्या दोन पेट्या, तांदळाचा पंचवीस किलोचा कट्टा, गोणभर नारळ, आगळाच्या बाटल्या आणि "कुंडीत लावा" म्हणून दिलेलं सोनचाफ्याचं रोप गाडीपाशी जमा होतं. गाडी निवडायची ती या दहा मिनिटांसाठी.

प्रथम माहितीपत्रक वाचावं. त्यात डिकी लिटरमध्ये दिलेली असते. ही मोजण्याची एक प्रसिद्ध जर्मन पद्धत आहे : २० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे डिकीत रचत जायचे आणि मावतील तेवढे मोजायचे. पद्धतीत खोट काढायला जागा नाही. तुमच्याकडे गावाहून ठोकळे आणायची रीत असेल, तर त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. बाकीच्यांनी तो आकडा फक्त गाड्यांची आपसात तुलना करण्यापुरता वापरावा, आणि त्या तुलनेतही एक गंमत आहे.

गाडी लांब म्हणजे डिकी मोठी, असं आपण धरून चालतो. स्विफ्ट ३८६० मिलिमीटर लांब आहे आणि डिकी २६५ लिटरची. बलेनो ३९९० मिलिमीटर, डिकी ३१८. आणि या दोघींपेक्षा आखूड, जेमतेम ३६५५ मिलिमीटरची वॅगनआर, तिची डिकी ३४१ लिटर. कारण साधं आहे. उंच गाडीत माणसं जेवणाच्या टेबलाशी बसल्यासारखी ताठ बसतात, पाय कमी पसरतात आणि लांबीतली वाचलेली जागा मागे जाते. उलट, छप्पर मागे उतरत गेलं की गाडी देखणी दिसते. तिच्याकडे वळून पाहणाऱ्यांमध्ये फणस नसतो.

पण गाड्या चार मीटरच्या आतच का घुटमळतात? २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंतच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं, आणि तेव्हापासून भारतातले कारखानदार पट्टी घेऊन बसले आहेत. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्यांवर ४०. तेव्हा डिकीचं दार चार बोटांनी लागत नसेल, तर आत्याला दोष देऊ नये. ती चार बोटं दिल्लीत कापली गेली आहेत.

आता शोरूम. तिथला मुलगा सौजन्याने डिकी उघडून "सर, दोन मोठ्या सुटकेस आरामात" असं म्हणेल. हसून मान डोलवावी आणि खिशातली मोजपट्टी काढावी. मोजायची ती आतली जागा नव्हे, तर तोंड. मागचे दिवे दोन्ही बाजूंनी आत घुसलेले असतात; आत ऐसपैस जागा आणि तोंड मात्र आंब्याच्या पेटीपेक्षा अरुंद, असं होऊ शकतं. मग खालचा उंबरठा पाहावा. काही गाड्यांत तो इतका उंच असतो की तांदळाचा कट्टा आधी मांडीपर्यंत उचलायचा, मग तिथून खाली खड्ड्यात सोडायचा. काढताना हेच उलट, आणि तेव्हा उचलायला पुतण्या नसतो. शेवटी चाकांवरचे उंचवटे. पेटी सरळ आत जाते, नेमकी त्या उंचवट्याला कोपरा लावून थांबते आणि ढकलली की प्लास्टिकवर पांढरा ओरखडा उठतो. शोरूममधल्या डेमो गाडीच्या डिकीत असे ओरखडे दिसले, तर तुमच्या आधी कोणीतरी जाणता गिऱ्हाईक येऊन गेला आहे असं समजावं. फणस याच टप्प्यावर बाहेर काढायचा असतो. सोबत जुनं वर्तमानपत्र असावं. चीक सीट कव्हरवरून निघत नाही.

दार उघडतं का, हेही बघावं. हा विनोद नाही. टाटा नॅनो २००९ मध्ये रस्त्यावर आली तेव्हा तिला मागून उघडणारं दारच नव्हतं. मागे इंजिन होतं, आणि सामान मागच्या सीटची पाठ पाडून आतून सरकवायचं. उघडणारं दार आलं ते २०१५ मध्ये.

सीएनजीचा विषय मन घट्ट करून वाचावा. मागे आडवी टाकलेली साठ लिटरची टाकी घेतली की डिकी उरत नाही. उरते ती टाकीच्या आजूबाजूची फट, जिच्यात छत्री, चपला आणि फार तर आगळाच्या चार बाटल्या राहतात. टाटाने २०२३ मध्ये एका मोठ्या टाकीच्या जागी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या. अल्ट्रोझची पेट्रोलवरची ३४५ लिटरची डिकी त्यात २१० वर येते, पण निदान सपाट तळ मिळतो. ज्यांच्या गावी फक्त सासरे आहेत आणि ते मितभाषी आहेत, त्यांनी खुशाल एका टाकीची गाडी घ्यावी. पैसे वाचतील.

यानंतरचा मुद्दा माहितीपत्रकात कधीच नसतो. सेडानची डिकी म्हणजे वेगळी खोली. हॅचबॅकमध्ये सामान आणि माणसं एकाच हवेत राहतात. मध्ये असते ती पार्सल ट्रे नावाची पातळ फळी, आणि स्वस्त व्हेरियंटला तीही नसते. फणसाचं एकवेळ चालून जातं. सुके बोंबील, सुकट आणि सोडे तीन पिशव्यांत, त्या पिशव्या डब्यात आणि डबा चादरीत गुंडाळला, तरी महाड यायच्या आत मागच्या सीटवरून "बाबा, काच खाली करा" असा पुकारा होतो. एसी चालू असेल तर तो हे काम अधिक इमानदारीने करतो. ज्यांचा सुक्या मासळीशी दरवर्षी व्यवहार आहे, त्यांनी हॅचबॅक घेण्यापूर्वी मुलांचं मत घ्यावं.

मागच्या सीटची पाठ अखंड पडते की साठ-चाळीसच्या दोन तुकड्यांत, हे वरच्या आणि खालच्या व्हेरियंटमधलं खरं अंतर आहे, सनरूफ नव्हे. चाळीसचा तुकडा पाडला की कट्टा आणि पेट्या सुटतात आणि एक माणूस कमी होतो. तो एसटीने येईल. कोण, हे गाडी घेण्यापूर्वीच ठरवून ठेवलं तर अंगणात शोभा होत नाही. साधारणपणे नव्या जावयाला नंतर कळवण्याची पद्धत आहे. रोपाचा प्रश्न मात्र पाठ पाडूनही सुटत नाही, कारण रोप उभंच हवं. २०१५ च्या होंडा जॅझमध्ये वरच्या व्हेरियंटला मागच्या सीटचं बूड उचलून पाठीला लावता यायचं, आणि तिथे छातीइतकं झाड उभं राहायचं. इतकी समजूतदार सीट या बाजारात टिकली नाही, पुढे गाडीही गेली. आता सोनचाफा पुढच्या माणसाच्या दोन पायांमध्ये बसतो आणि पाली येईपर्यंत त्याची पानं गिअरला लागत राहतात.

आणखी एक हिशेब. डिकीतल्या एकूण लिटरांमधून काही लिटर पहिल्या महिन्यातच कायमचे वजा होतात : पुसायचं फडकं, चटई, बॅडमिंटनची रॅकेट, लग्नात मिळालेला आणि कोणाला तरी द्यायचा राहिलेला डिनरसेट, आणि रद्दीवाल्याकडे न्यायची म्हणून ठेवलेली रद्दी. हे सामान काढून गावाला निघावं, असं सगळे म्हणतात.

राहता राहिला रंग. तो घरी आधीच ठरलेला आहे. तुम्हाला डिलिव्हरीच्या दिवशी कळेल.