उपान्त्यक्षमामीमांसा

मानवी ज्ञानशाखांच्या कोष्टकात आजवर रिक्त राहिलेले एक स्थान भरून काढणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. अमेरिकेतील ख्रिस्ती प्रणयकादंबरी हे आमचे क्षेत्र. तिच्यातील नायक-नायिका परस्परांना नेमकी कोणत्या पानावर क्षमा करतात, हा आमचा विषय. क्षमेच्या माहात्म्याविषयी धर्मवेत्त्यांनी विपुल लिहिले आहे. तिच्या पृष्ठांकाची मात्र अक्षम्य उपेक्षा झाली.

लक्षण: सर्व कारणे पूर्वीच उपलब्ध असूनही शेवटून दुसऱ्या प्रकरणातच जिचा उदय होतो, ती उपान्त्यक्षमा. यातील ‘कारणे पूर्वीच उपलब्ध असूनही’ हे पद गाळल्यास तिसऱ्याच प्रकरणात समेट संभवतो, आणि पुढील दोनशे पानांची उपपत्ती लागत नाही.

तिचे प्रकार तीन.

१. निरपराधा. जॅनेट ओक यांच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ (१९७९) या आद्य ग्रंथात मार्टीच्या पतीला मूठमाती मिळते त्याच दिवशी क्लार्क तिला मागणी घालतो. त्याच्या लहानग्या मुलीस आई हवी असते. वसंतात परतीचे भाडे देण्याचेही तो कबूल करतो. नायिका रुष्ट होते. परंतु अपराध शोधू जाता सापडत नाही. अशा स्थळी नायकाचे सौजन्यच क्षम्य मानावे लागते.

२. गोपितजन्या. बेव्हर्ली लुईस यांच्या ‘द शनिंग’ (१९९७) मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परगण्यातील आमिश कन्या केटी लॅप हिला घराच्या माळ्यावर साटिनचे झबले सापडते. साध्या वस्त्रांच्या त्या पंथात साटिन हेच पुरेसे प्रमाण होय. त्यावरून जन्मरहस्य आणि जन्मरहस्यावरून क्षमेची आवश्यकता, अशी ही अनुमानपरंपरा निर्दोष आहे.

३. पलायनजन्या. ही तिन्हींत श्रेष्ठ. फ्रान्सिन रिव्हर्स यांनी ‘रिडीमिंग लव्ह’ (१९९१) मध्ये होशेय संदेष्ट्याची कथा १८५० च्या, सोन्याच्या शोधाने झपाटलेल्या कॅलिफोर्नियात नेली. मायकेल होशेय एंजलला वेश्यागृहातून सोडवून शेतावर आणतो, ती पळते, तो क्षमा करतो, ती पुन्हा पळते. आपल्या अष्टनायिकांत प्रियकराकडे जाणारी अभिसारिका आहे, त्याच्यापासून दूर जाणारी कोणीच नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी आम्ही ‘अपसारिका’ ही नववी नायिका सुचवितो. येथे गणिताचाही विचार कर्तव्य आहे. किती वेळा क्षमा करावी, या पेत्राच्या पृच्छेस मत्तयाच्या अठराव्या अध्यायात साताच्या सत्तर वेळा, म्हणजे ४९०, असे उत्तर मिळते. एंजलची सर्व पलायने वजा करूनही मायकेलच्या खाती चारशेंहून अधिक क्षमा शिल्लक राहतात. त्यांचा विनियोग लेखिकेने सांगितलेला नाही.

आता या क्षमेस निमित्त होणारा ज्वर. आयुर्वेदाने ज्वराचे आठ प्रकार मानले. उपान्त्यज्वर हा नववा. पात्राचे चर्चला जाणे सुटलेले असणे, हे त्याचे पूर्वरूप. लहान मूल अथवा खुद्द नायक अंथरुणास खिळणे आणि हिमवादळामुळे डॉक्टर न पोहोचणे, हे रूप. ओला फडका, मांसरस व प्रार्थना हा उपशय. पैकी पहिल्या दोहोंनी उतार पडल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. हा ज्वर पहाटे उतरतो. दुपारी साडेतीन वाजता तो कधीही उतरलेला नाही. त्याचे व्यवच्छेदक लक्षण असे, की ताप एकास येतो व बरे दुसऱ्यास वाटते: मूल घामाने भिजते आणि खाटेशेजारी बसलेल्याची गेलेली श्रद्धा परत येते. इतकी परोपकारी व्याधी माधवनिदानातही नाही.

क्षमा चुंबनापूर्वी की चुंबनानंतर, यावर मात्र पंडितांत तीव्र मतभेद आहेत. क्षमेने हृदय शुद्ध झाल्यावरच ओष्ठांस अधिकार प्राप्त होतो, असे क्षमापूर्ववादी म्हणतात. चुंबनपूर्ववादी नायकाच्या अनावरतेकडे बोट दाखवितात. परंतु अनावर नायकास ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात फळी मिळत नाही, या व्यावहारिक प्रमाणापुढे ते निरुत्तर होतात. दोन्ही एकाच वाक्यात घडतात, असे सहोपलंभवाद्यांचे मत आहे; ते आळसातून उद्भवले असल्याने आम्ही त्याची दखल घेत नाही. आमिश शाखेत हस्तस्पर्श हाच चुंबनस्थानी धरावा.

तरीही मूळ प्रश्न उरतो: विलंब का? प्रणयकथेत तिसरा कोन प्रतिस्पर्ध्याचा असतो. येथे तो ईश्वराचा आहे. नायिकेने प्रथम त्याच्याशी समेट करावयाचा, मग स्वतःशी, नंतर नायकाशी, आणि या रांगेत नायक शेवटी उभा आहे. हार्लेक्विनच्या ‘लव्ह इन्स्पायर्ड’ मालेत (१९९७ पासून) ग्रंथाची लांबी प्रकाशक आधीच ठरवितो. तेथे ही रांग कोठे संपेल, हे पश्चात्तापास आरंभ होण्यापूर्वीच सांगता येते.

मराठीस या क्षेत्रात परकेपणा वाटू नये. वैधव्य, ख्रिस्ती श्रद्धा व पुनर्विवाह ही तिन्ही अंगे बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मध्ये एकत्र आली, तेव्हा मार्टीचा जन्म व्हावयास १२२ वर्षे अवकाश होता.

अभ्यासकांना विनंती, की वाचनात येणाऱ्या प्रत्येक क्षमेचा पृष्ठांक, रुग्णाचे नाव व ज्वर उतरल्याची वेळ समासात पेन्सिलीने नोंदवावी. प्रत ग्रंथालयाची असल्यास परत करण्यापूर्वी नोंद खोडून टाकावी; ग्रंथपालांच्या क्षमेचा अंतर्भाव प्रस्तुत शास्त्रात होत नाही.