डॉट डॉट स्लॅशवाला

डॉट डॉट स्लॅशवाला हा रायपूरच्या मराठी घरांतला तसा नवा नमुना. वकील, मास्तर आणि रेल्वेतले काका हे जुने. हा त्यांच्याच नातवंडांत निपजला. आझाद हिंद एक्सप्रेसने तो पुण्याला नोकरीला जातो आणि घरून काम करायची मुभा मिळाली की तात्यापाऱ्यात परत येऊन माळ्यावरच्या खोलीत बसतो. दिवसा कंपनीचे काम, रात्री झिप आणि टार फायली उघडणाऱ्या एका फुकट लायब्ररीची देखभाल. तिचा पगार मिळत नाही, त्यामुळे अभिमान सगळा तिचाच.

हा ओळखावा तो पत्ता सांगताना. रायपूर हे सापेक्ष पत्त्यांचे गाव आहे. बूढा तालाबच्या मागे, जयस्तंभच्या अलीकडे, दुकानापासून दोन घरे सोडून. अख्खे गाव यावर बिनबोभाट पोचते. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या काकांना ‘अलीकडे म्हणजे कुठून येताना?’ असे विचारणारा हा एकटाच. काका उत्तर देत नाहीत, चहा संपवतात.

प्रश्न मात्र त्याच्या धंद्याचा आहे. झिप फाइलमध्ये नुसता मजकूर नसतो, प्रत्येक फाइलीचे नाव आणि ती कोणत्या फोल्डरात ठेवायची ती वाटही असते. 1989 मध्ये फिल काट्झ यांनी हा प्रकार आणला. वाट सापेक्ष असावी, असा त्याचा नियम आहे: जिथे गाठोडे सोडाल तिथून पुढे मोजायची. पण संगणकाच्या भाषेत दोन टिंबे आणि तिरपी रेघ म्हणजे ‘एक पायरी वर’. एखाद्या खोडसाळाने नावातच अशा सहा-सात पायऱ्या लिहिल्या, तर फाइल अंगण ओलांडून थेट माजघरात जाते आणि तिथल्या फाइलीच्या जागी ऐसपैस बसते. लायब्ररी भाबडी, पाटावर लिहिले तिथे पान वाढते.

5 जून 2018 रोजी स्निक या कंपनीने या दुखण्याला ‘झिप स्लिप’ असे बारशाचे नाव दिले. जावा वापरणारे तर गाठोडे सोडायचा कोड एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत, त्यामुळे चूकही शुद्धलेखनासह उतरली. पायथॉनच्या टार मोड्यूलमधली हीच खोट 2007 सालापासून माहीत होती. तिला चाळणी लागली 2023 मध्ये, आणि कुणी न सांगताही ती लागू होऊ लागली ती 2025 च्या 3.14 आवृत्तीपासून. अठरा वर्षांत पोरगे मतदार होते. ही तुलना डॉट डॉट स्लॅशवाला प्रत्येक साखरपुड्यात करतो.

त्याची स्वतःची दुरुस्ती तीन अवस्थांतून जाते. पहिल्या अवस्थेत तो दोन टिंबे दिसली की फाइल नाकारतो. लगेच कुठल्याशा मंडळाच्या सचिवांचे ‘अहवाल..अंतिम’ बाहेर राहते. सचिवांचा हात टिंबांच्या बाबतीत सढळ असतो आणि त्यात गुन्हा काही नसतो.

दुसरी अवस्था खरी बघण्यासारखी. वाटेतली सगळी टिंबे सोडवून पूर्ण पत्ता तयार करायचा आणि तो आपल्या फोल्डरच्या नावाने सुरू होतो का, हे पाहायचे. शहाणपणाचे वाटते. समजा फोल्डरचे नाव ‘तात्या’ आणि शेजारच्या फोल्डरचे ‘तात्यापारा’. एक पायरी वर जाऊन शेजारी घुसणारी फाइल येते, तिचा पत्ता ‘तात्या’नेच सुरू होतो, आणि पहारेकरी सलाम ठोकतो. छत्तीसगढीत पारा म्हणजे मोहल्ला; तात्यांच्या एका खोलीच्या किल्लीने सगळा मोहल्ला उघडला. उपाय एका रेघेचा: नावापुढे तिरपी रेघ जोडून मग ताडून पाहायचे. ही रेघ सापडायला त्याला पहाटेचे साडेतीन वाजतात. त्या वेळी त्याला घरातल्या कुणाला तरी उठवून सांगायचे असते. आई एकदाच उठली होती.

तिसरी अवस्था दुव्यांची. बूढा तालाबाचे सरकारी नाव विवेकानंद सरोवर. नावे दोन, पाणी एकच. फाइलींतही अशी पर्यायी नावे असतात. गाठोड्यातून आधी निरुपद्रवी दिसणारा एक दुवा उतरतो, तो बाहेरच्या जागेकडे बोट दाखवतो, आणि मागून येणारी फाइल त्याच्यातून निघून जाते. पाहुणा दार बरोबर घेऊन आल्यासारखे. म्हणून दुव्यांचे टोक कुठे जाते, हे प्रत्येक फाइल उतरवताना नव्याने पाहावे लागते. विंडोजची उलटी तिरपी रेघ आणि ड्राइव्हचे अक्षर यांबद्दल तो बोलत नाही, नुसता सुस्कारतो.

एवढा कडेकोट माणूस स्वतःच्या डेस्कटॉपवर मात्र ‘नवीन फोल्डर (7)’ ठेवून असतो, आणि त्यात काय आहे हे विचारले की रागावतो.

दुरुस्त आवृत्ती निघते. दोन दिवस शांततेचे. तिसऱ्या दिवशी दूर कुठून तरी तक्रार येते: आमचा बॅकअप दहा वर्षे याच दोन टिंबांवर चालत होता, तो तुम्ही बंद पाडलात. माळ्यावरचा दिवा पुन्हा लागतो. जुनी वाट मोकळी करणारा एक पर्याय तो लिहितो, आणि त्याला मुद्दाम इतके लांबलचक, भीतिदायक नाव देतो की टंकताना माणसाने दोनदा थांबावे. तक्रारदार ते नाव जसेच्या तसे चिकटवून मोकळा होतो.