ड्रॉइंगचे सर

ड्रॉइंगच्या सरांच्या खिशात पेन सापडायचं नाही. बहाव्याची शेंग, पिंपळाचं जाळीदार पान आणि क्वचित एखादा कैलासवासी भुंगा मात्र हमखास. मंडईत ते वांगी निवडतात ती देठाचा बाक बघून. घरी ती किडकी निघतात. पण ते वहिनींना कळायला दोन दिवस लागतात. तोवर वांगी टेबलावर ‘पोज’ देत असतात.

एरवी गरीब माणूस. पण कोणी दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य, त्यातून निघालेली नदी, काठावर झोपडी आणि आभाळात बरोबरच्या खुणांसारखे पक्षी काढले, की सरांचा पारा चढतो.

“हा डोंगर कुठं पाहिलास?”

“दादाच्या वहीत.”

“अरे, कोल्हापूरच्या अबालाल रहिमानांनी एकटं कोटितीर्थ किती वेळा रंगवलं! आणि तू एका तासात हिमालयासकट सगळं उरकतोस?”

मग खोडरबर जप्त होतात आणि वर्ग जास्वंदीपाशी जातो.

“पाकळ्या किती?”

“पाच.”

“न मोजता सांगू नकोस. आता मधली दांडी बघ. टोकाला लाल ठिपके किती?”

“ते पण पाचच, सर!”

“आणि पिवळे दाणे?”

एवढ्यात घंटा होते. वह्या कोऱ्याच. सर खूश: “आज फार काम झालं!”

काळ्या रंगाची बाटली त्यांनी कपाटात कुलूपबंद ठेवली आहे. “सर, कावळ्याला काळा हवा,” म्हणणाऱ्याला ते खिडकीशी उभं करतात. कावळ्याची मान करडी आहे आणि उन्हात त्याच्या पंखांवर निळी-जांभळी झाक येते, हे कबूल केल्याशिवाय सुटका नाही. कावळा मध्येच उडून गेला, तर पुढचा येईपर्यंत थांबायचं.

पालक तक्रार घेऊन येतात. “एलिमेंटरी तोंडावर आली, अन् पोरगा म्हणतो, आज नुसतं बघितलं!”

“एलिमेंटरीला स्मरणचित्र असतं ना?” सर शांतपणे विचारतात. “आधी बघितलंच नाही, तर स्मरणार काय?” यावर पालकांना उत्तर सुचत नाही. ते मुलाला क्लास लावतात.

यंदा स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायचं काम सरांकडे आलं. “मागे छान निसर्ग हवा,” मुख्याध्यापकांनी बजावलं. सर चार दिवस शाळेच्या गच्चीवर बसले. पडदा वर गेला आणि दिसला गावामागचा डोंगर: अर्धा पोखरलेला, पायथ्याशी खडी क्रशर, त्याच्या धुळीनं पांढरी पडलेली बाभूळ आणि मोबाइलच्या टॉवरवर करड्या मानेचे तीन कावळे.

“अहो, निसर्ग सांगितला होता!” मुख्याध्यापक कुजबुजले.

“तोच आहे, साहेब. उरला तेवढा काढला.”

मुख्याध्यापकांनी धास्तावून प्रमुख पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांनी डोंगर केव्हाच ओळखला होता. खाण त्यांचीच होती.